थिबा राजवाडा: वाचकांचे प्रश्न आणि त्यांची उत्तरे

गेल्या अंकात रत्नागिरीच्या थिबा राजवाड्यावर एक छोटे टिपण आले होते. त्यानंतर आलेली बहुतेक पत्रे त्याच वास्तूविषयी असल्यामुळे या महिन्याचे सदर पूर्णपणे तिलाच दिले आहे. ज्यांच्या वाचनात ते टिपण आले नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. ब्रह्मदेशाचा शेवटचा राजा थिबा याला इंग्रजांनी नोव्हेंबर १८८५ मध्ये राजधानी मंडाले येथे पदच्युत केले, काही महिने मद्रासेत ठेवले आणि एप्रिल १८८६ मध्ये कुटुंबासह रत्नागिरीस आणले. १९१० मध्ये सरकारने त्याच्यासाठी बांधून पूर्ण केलेल्या घरात तो अखेरची सहा वर्षे राहिला. त्या घराची डागडुजी होऊन आज तेथे राज्य शासनाचे वस्तुसंग्रहालय आहे.

प्रश्न: आम्ही मे महिन्यात मुलांना घेऊन मुद्दाम वाट वाकडी करून राजवाडा पाहायला गेलो. आत सिंहासन नाही, दागिने नाहीत, बऱ्याच खोल्या रिकाम्या. खाली दगडी मूर्ती मांडलेल्या आहेत, पण त्यांचा त्या राजाशी काही संबंध दिसला नाही. अर्ध्या तासात बाहेर पडलो आणि मुलांनी विचारले, की यात राजवाड्यासारखे काय आहे? मला उत्तर देता आले नाही. आमच्या पाहण्यात काय राहून गेले?
– एक वाचक, पुणे

उत्तर: मुलांनी अगदी नेमका प्रश्न विचारला आहे आणि त्याचे खरे उत्तर असे, की यात राजवाड्यासारखे फारसे काही नाही. ‘राजवाडा’ हे नाव रत्नागिरीकरांनी त्या राजाविषयीच्या आदराने दिले. सरकारच्या लेखी मात्र ते एका राजबंद्याला ठेवण्याचे घर होते. राजाने आपल्या वैभवाच्या काळात, आपल्या कारागिरांकडून, आपल्या रिवाजाप्रमाणे उभारलेली वास्तू पाहायला मिळेल अशी अपेक्षा घेऊन गेल्यावर ते घर रिकामे वाटणारच. ज्याने राज्य घेतले त्यानेच राज्य गमावलेल्या माणसासाठी बांधलेले घर म्हणून त्याच्याकडे पाहिले, की तेच घर बोलू लागते.

थोडे तपशिलात सांगते. मंडालेचा राजवाडा लाकडी होता. उंच जोत्यावर एकामागून एक दालने, सोनेरी मुलामा, आणि मुख्य सिंहासनाच्या वर एकावर एक चढत गेलेले सात छपरांचे शिखर. त्याचा सगळा दिमाख या शिखरात होता, मजल्यांत नव्हता. ब्रह्मी रिवाजात राजाच्या मस्तकावर दुसऱ्या कोणाचे पाऊल पडणे हा मोठा अपमान, त्यामुळे तेथील राजाची दालने एकमजलीच असत. आता रत्नागिरीच्या टेकडीवरचे हे घर डोळ्यांसमोर आणा. तीन मजले, उतरती कौलारू छपरे, जांभ्याचे बांधकाम, मोकळे सज्जे, लाकडी नक्षीच्या अर्धवर्तुळाकार खिडक्या. कोकणातील एखादा प्रशस्त सरकारी बंगला दुपटीतिपटीने वाढवावा तसे हे घर आहे. ते सुंदर आहे यात शंका नाही, परंतु त्याच्या चेहऱ्यावर मंडालेची एक रेषासुद्धा शोधून काढावी लागते. मागील बाजूस असलेली बुद्धमूर्ती ही त्यांतली एक. मुलांना पुन्हा नेणार असाल तर त्यांना हेच काम द्यावे, की या घरात राजाच्या देशाचे काय काय सापडते ते शोधा. त्यांना जे सापडणार नाही, तेही त्यांच्या लक्षात राहील.

मूर्तींविषयीचे आपले निरीक्षण बरोबर आहे. त्यांचा थिबाशी संबंध नाही, त्या रत्नागिरी परिसरातून गोळा झालेल्या आहेत. एकाच छपराखाली जिल्ह्याचे संग्रहालय आणि एका परक्या राजाच्या खोल्या अशी ही मांडणी आहे, आणि दोन्ही एकाच दमात पाहिल्याने पाहणाऱ्याचा गोंधळ होतो. मी स्वतः आता आधी वर जाते, राजाच्या खोल्या निवांत पाहते, मग बाहेर येऊन पाच मिनिटे झाडाखाली बसते आणि नंतर मूर्तींकडे जाते. त्या दगडी मूर्तींना त्यांचा स्वतःचा वेळ मिळाला पाहिजे, कारण कोकणात शिल्पे नाहीत हा आपल्या घाटावरच्या लोकांचा समज त्या खोडून काढतात.

आणखी एक गोष्ट वेळेची. आपण भर दुपारी गेला असाल असे वाटते. चारच्या सुमारास पश्चिमेकडच्या खिडकीपाशी उभे राहावे. उन्हाची तिरीप कमानीतून आत येते, तिच्या लाकडी नक्षीची सावली जमिनीवर पडते आणि पाहता पाहता हातभर पुढे सरकते. बाहेर खाली भाट्याची खाडी आणि तिच्यापलीकडे समुद्र दिसतो. याच समुद्रातून त्याला आणणारी आगबोट आली होती आणि परत नेणारी कधी आली नाही. मी पहिल्यांदा तेथे उभी राहिले तेव्हा संग्रहालय बंद होण्याची घंटा होईपर्यंत मला हलवेना.

प्रश्न: हिंदुस्थानात एवढी मोठमोठी शहरे असताना इंग्रजांनी ब्रह्मदेशाच्या राजाला रत्नागिरीसारख्या त्या वेळच्या आडगावी का ठेवले?
– एक वाचक, नाशिक

उत्तर: ते आड होते, म्हणूनच. पदच्युत राजाला त्याच्या लोकांपासून इतके दूर ठेवायचे, की त्याच्याभोवती पुन्हा कोणी गोळा होऊ नये, हे सरकारचे धोरण होते. १८५७ च्या उठावानंतर बहादूरशहा जफरला दिल्लीहून रंगूनला धाडले आणि १८६२ मध्ये तो तेथेच वारला. त्यानंतर तेवीस वर्षांनी ब्रह्मदेशाच्या राजाला उलट दिशेने इकडे आणले. दिल्लीच्या बादशहाची कबर रंगूनला आणि रंगूनच्या मुलखाच्या राजाची समाधी रत्नागिरीला, असा हा हिशेब आहे.

रत्नागिरीला तेव्हा रेल्वे नव्हती आणि ती यायला पुढे एक शतकाहून अधिक काळ गेला. कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावू लागली ती १९९८ मध्ये. एका बाजूला सह्याद्री, दुसऱ्या बाजूला समुद्र, आणि पावसाळ्याचे चार महिने किनाऱ्यावरची बोट बंद, म्हणजे त्या दिवसांत गाव जवळजवळ जगापासून तुटलेले. राजावर देखरेखीसाठी पोलीस अधिकारी नेमलेला असे, राजाच्या हालचालींवर निर्बंध होते आणि त्याच्या भत्त्याचा व खर्चाचा हिशेब सरकारदरबारी जात असे. तो येथे आला तेव्हा सत्तावीस वर्षांचा होता. पहिली चोवीस वर्षे त्याने बंगल्यांत काढली, जागेच्या व पैशाच्या अडचणींविषयी वारंवार अर्ज केले, आणि हे घर मिळाले तेव्हा त्याची पन्नाशी उलटून गेली होती. डिसेंबर १९१६ मध्ये तो वारला. ज्या घराला आपण त्याचे घर म्हणतो त्यात त्याच्या तीस वर्षांच्या बंदिवासापैकी सहाच वर्षे गेली, हे तेथे फिरताना लक्षात असावे.

प्रश्न: थिबाचे सिंहासन आणि प्रसिद्ध माणिक आता कोठे आहे? ते रत्नागिरीच्या संग्रहालयात का आणत नाहीत?
– एक वाचक, ठाणे

उत्तर: मंडाले पडले तेव्हा राजवाड्यातील मौल्यवान वस्तू इंग्रजांच्या ताब्यात गेल्या. सिंहासनांपैकी एक कलकत्त्याच्या संग्रहालयात ठेवलेले होते. ब्रह्मदेश स्वतंत्र झाल्यावर १९४८ मध्ये ते परत देण्यात आले आणि आज ते यांगोनच्या, म्हणजे पूर्वीच्या रंगूनच्या, राष्ट्रीय संग्रहालयात आहे. मंडालेच्या राजवाड्यातच राहिलेली बाकीची सिंहासने दुसऱ्या महायुद्धात, मार्च १९४५ मध्ये, राजवाड्याबरोबर जळून गेली. राजघराण्याची सोन्याची उपकरणे लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात होती, ती १९६४ मध्ये परत गेली. माणकाचा मात्र ठावठिकाणा लागला नाही. ते आपण विश्वासाने इंग्रज अधिकाऱ्याच्या हाती दिले होते, असे राजघराण्याचे शेवटपर्यंत म्हणणे होते.

जे दागिने राजाने बरोबर आणले त्यांपैकी बरेच खर्च भागवण्यासाठी येथेच विकले गेले. त्यामुळे रत्नागिरीत जे उरले ते म्हणजे थोड्या वापरातल्या वस्तू आणि हे घर. आपल्या दुसऱ्या प्रश्नाला माझे प्रामाणिक उत्तर असे, की त्या वस्तू येथे आणू नयेत. त्या म्यानमारच्या, म्हणजे ब्रह्मदेशाच्या, लोकांच्या आहेत आणि मोठ्या खटाटोपाने त्यांच्याकडे परत गेल्या आहेत. मंडालेचा मूळ राजवाडा जळाला आणि त्याच्या शेवटच्या धन्याचे तुरुंगघर मात्र आपल्याकडे धड उभे आहे. ते नीट जपणे एवढे आपले काम आहे आणि ते लहान नाही.

प्रश्न: आमच्या माध्यमिक शाळेची एक दिवसाची सहल रत्नागिरीला न्यायची आहे. आठवी-नववीची साठ मुले आहेत. राजवाड्याबरोबर आणखी काय दाखवावे आणि मुलांची तयारी कशी करून घ्यावी?
– एक शिक्षिका, राजापूर तालुका

उत्तर: तुमचे पत्र वाचून फार आनंद झाला. सकाळी आधी टिळक आळीत जावे. लोकमान्यांचा जन्म १८५६ मध्ये जेथे झाला ते कोकणी घर जपलेले आहे आणि लोकांसाठी खुले आहे. बुटकी चौकट, पडवी, आतला काळोखा गारवा, असे मध्यमवर्गीय घर मुलांनी प्रथम पाहावे आणि मग टेकडीवरच्या मोठ्या घरात जावे.

या दोन घरांना जोडणारा धागा मुलांना सहलीच्या आदल्या दिवशी वर्गात सांगावा. राजद्रोहाच्या खटल्यात शिक्षा झाल्यावर टिळक १९०८ ते १९१४ या काळात मंडालेच्या तुरुंगात होते. म्हणजे रत्नागिरीत जन्मलेला माणूस मंडालेत कैदेत आणि मंडालेचा राजा रत्नागिरीत कैदेत. थिबा नव्या घरात राहायला गेला तो नोव्हेंबर १९१० मध्ये, आणि ‘गीतारहस्य’ लिहून झाले ते त्याच, १९१०-११ च्या हिवाळ्यात. फळ्यावर नकाशा काढून दोन गावे दाखवावीत, दोन बाण काढावेत आणि मुलांना बोलू द्यावे. हे मी एकदा एका वर्गात करून पाहिले आहे. मागच्या बाकावरच्या एका मुलाने विचारले, “मग त्यांनी दोघांची अदलाबदल का नाही केली?” त्या प्रश्नावर पुढचा सगळा तास रंगला.

राजवाड्यात साठ मुले एकदम नेऊ नयेत. वीस-वीसचे तीन गट करावेत. एक गट वर, एक गट मूर्तींपाशी, एक गट बाहेरून इमारतीचे चित्र काढत बसलेला, आणि मग आळीपाळीने जागा बदलाव्यात. चित्र काढणारा गट सर्वांत जास्त पाहतो असा अनुभव आहे. जाण्याआधी संग्रहालयाच्या कार्यालयाला शाळेच्या नावाने पत्र द्यावे. सोमवार टाळावा, कारण शासकीय संग्रहालये बहुधा त्या दिवशी बंद असतात. शेवटी, वेळ उरला तर नव्हे, आवर्जून, शिवाजीनगर भागातील राजाच्या समाधीपाशी जावे. थिबा १९१६ मध्ये आणि त्याची धाकटी राणी त्याच्या आधी, १९१२ मध्ये वारली. दोघांना मायदेशी नेण्याची परवानगी मिळेल या आशेने कुटुंबाने दफनविधी वर्षानुवर्षे लांबवला. ती मिळाली नाही आणि १९१९ मध्ये दोघांना रत्नागिरीतच समाधी दिली गेली. त्यानंतर काही आठवड्यांतच थोरली राणी सुपयालत मुलींसह रंगूनला परत गेली. डिसेंबर २०१२ मध्ये म्यानमारचे तेव्हाचे अध्यक्ष थेन सेन येथे आले होते. चार वर्षांनी, राजाच्या मृत्यूला शंभर वर्षे झाली तेव्हा त्याचे वंशज आणि त्या देशाचे उपाध्यक्ष येथे प्रार्थनेसाठी आले. मुलांना समाधीपाशी चपला काढायला सांगाव्यात. ब्रह्मी रिवाजही तोच आहे.

प्रश्न: राजाच्या थोरल्या मुलीचे वंशज आजही रत्नागिरीत राहतात असे ऐकले. त्यांना भेटता येईल का?
– एक वाचक, मुंबई

उत्तर: राजाला चार मुली होत्या. पहिल्या दोघी मंडालेच्या, तिसरी मद्रासेत जन्मलेली आणि चौथी रत्नागिरीत. थोरल्या राजकन्येचा येथे राजाकडे नोकरीला असलेल्या गोपाळ सावंत यांच्याशी संबंध आला आणि त्यांना टूटू नावाची मुलगी झाली. कुटुंब रंगूनला गेल्यावरही थोरली राजकन्या पुन्हा रत्नागिरीला आली आणि येथेच राहून वारली. टूटू रत्नागिरीतच वाढल्या, येथेच संसार केला, मराठी बोलल्या, फार गरिबीत राहिल्या आणि २००० मध्ये त्यांचे निधन झाले. राजवाड्याच्या खोल्या पाहताना ही हकिगत ठाऊक असावी, कारण राजाच्या घराण्याचे आणि या गावाचे नाते तिच्यामुळे रक्ताचे झाले.

भेटीविषयी मात्र माझी विनंती आहे की कोणाचा पत्ता विचारत गल्लीत जाऊ नये. ती आपल्यासारखीच कामधंद्याची माणसे आहेत. पणजीचा जन्म राजवाड्यात झाला म्हणून पर्यटकांनी दार वाजवणे त्यांनी का सोसावे?

प्रश्न: आमचे सावंतवाडीजवळ आजोबांच्या वेळचे जांभ्याचे घर आहे. राजवाड्याची दुरुस्ती पाहून उत्साह आला, पण गवंडी म्हणतो की सगळा जुना गिलावा खरवडून सिमेंटचा करा म्हणजे ओल येणार नाही. आपले मत काय?
– एक वाचक, सिंधुदुर्ग

उत्तर: घाई करू नये. आधी जांभा समजून घ्यावा. चिरेखाणीतून ताजा काढलेला चिरा इतका मऊ असतो की कुऱ्हाडीसारख्या हत्याराने तासता येतो, आणि वारा-ऊन लागल्यावर तो हळूहळू कठीण होतो. हातात घेऊन डोळ्यांजवळ धरला तर मधमाश्यांच्या पोळ्यासारखी छिद्रे दिसतात, काहींत पिवळसर माती भरलेली असते. या छिद्रांतून भिंत पाणी पिते आणि त्याच छिद्रांतून ते परत सोडते. रत्नागिरीच्या किनाऱ्यावर वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, म्हणजे भिंतीला चार महिने पिण्याचे आणि आठ महिने वाळण्याचे काम असते. चुन्याचा गिलावा या येण्याजाण्याला आड येत नाही. सिमेंटचा थर बाहेरून घट्ट बसतो, पण जोत्यातून चढलेली आणि छपरातून झिरपलेली ओल आतच कोंडते. मग दोन-चार पावसाळ्यांत गिलाव्याला फुगे येतात, लोणा लागतो आणि सिमेंट निघताना चिऱ्याचा पापुद्रा बरोबर घेऊन निघते.

म्हणून जुन्या वास्तूंच्या दुरुस्तीत चुन्याचा आग्रह धरतात. त्या कामाला वेळ लागतो, कारण चुना मुरवावा लागतो, थर पातळ द्यावे लागतात आणि प्रत्येक थर वाळू द्यावा लागतो. सरकारी वास्तूचे काम रेंगाळले म्हणून आपण चिडतो. त्यातला काही विलंब खरोखरच कागदांचा असतो, पण काही चुन्याचाही असतो. आपल्या घरापुरते सांगायचे तर भिंतीला हात लावण्याआधी कौले परतून घ्यावीत, कुजलेले वासे व रिपा बदलाव्यात, पागोळीचे पाणी जोत्यापासून दूर जाईल असा उतार करावा. निम्मी ओल तेथेच थांबते. त्यानंतर एका भिंतीवर, पावसाच्या बाजूच्या, चुन्याचा गिलावा करून एक पावसाळा पाहावा. चुन्याचे काम जाणणारा गवंडी शोधायला कष्ट पडतील. देवळांची जुनी कामे केलेल्या म्हाताऱ्या गवंड्यांकडे चौकशी करावी. त्यांच्या हातातले हे ज्ञान तुमच्या घरासाठी जेवढे हवे आहे, तेवढेच ते त्यांच्याबरोबर जाऊ नये म्हणूनही विचारले पाहिजे.

प्रश्न: राजवाडा पाहायला कोणता महिना चांगला?
– एक वाचक, सोलापूर

उत्तर: नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे सोयीचे. परंतु जमल्यास एकदा जुलैमध्ये जावे. समुद्र दिसत नाही, खाडी धुक्यात जाते, छपरावरून पाण्याच्या सरी सज्जासमोर पडद्यासारख्या उतरतात आणि वरच्या मजल्यावर पावसाच्या आवाजाशिवाय काही ऐकू येत नाही. थिबाने असे एकतीस पावसाळे रत्नागिरीत काढले, त्यांतले शेवटचे सहा याच छपराखाली. छत्री दाराशी ठेवावी लागते, त्यामुळे अंग पुसायला एक पंचा बरोबर असू द्यावा.